भाऊसाहेबांचा खोकला

टापटीपकाकांच्या तबेल्याच्या दाराशी आलेला माणूस, कुणी सांगितलेलं नसताना, आधी बूट पुसत असे. आत घोडे राहत होते, आणि घोडे म्हटले की लीद आली, मूत आलं, माश्या आल्या. पण काकांच्या फरशीवर उभं राहिलं की इथे त्यातल्या त्यात अस्वच्छ आपणच आहोत, अशी शंका मनाला चाटून जाई. शहराच्या कडेला असलेल्या त्या घोडेस्वारीच्या शाळेत काका मुख्य मोतद्दार होते. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, खोगीर, लगाम आणि तबेल्याची राखण हे सगळं त्यांच्या हुकमतीखाली चाले. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. मॅनेजरबाईंपासून ते घोड्यावर बसायला येणाऱ्या लहानात लहान मुलापर्यंत सगळे त्यांना टापटीपकाका म्हणत. कुणी चेष्टेनं म्हटलं तरी काका ते पदवीसारखं घेत.

केर काढण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती आणि ती त्यांनी कुणाकडून शिकलेली नव्हती, म्हणून तिचा अभिमान जास्त. वरच्या माळ्यावरून वाळल्या गवताच्या पेंढ्या खाली टाकायच्या. प्रत्येक पेंढी त्या त्या घोड्याच्या ठाणात नेऊन, त्याच्या तोंडासमोर, लांब दांड्याच्या काट्यानं खडाखडा झटकायची, म्हणजे गवतातली माती घोड्याच्या पोटात न जाता जमिनीवर पडते. मग जमिनीवर पडलेली ती माती, पेंढ्याचा भुसा आणि वाळलेली लीद कोरड्या झाडूनं, भिंतीपासून दारापर्यंत, सपासप लोटत न्यायची. पाणी शिंपडून झाडणाऱ्या माणसाबद्दल काकांचं मत फार वाईट होतं. ओल्या फरशीवर डाग उमटतात, आणि डाग उमटले तर झाडलं कशाला, असं ते हाताखालच्या दोन मोतद्दारांना विचारत. घोंगड्याही ते तबेल्यातच झटकत, कारण अंगणात झटकल्या तर वाऱ्यानं त्यांना धूळ लागते. खिडक्या बहुतेक बंद असत, कारण उघड्या खिडकीतून पाचोळा येतो.

या सगळ्या घोड्यांत काकांचा जीव एका घोड्यावर होता. तपकिरी रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, उतारवयाकडे झुकलेला हा घोडा चालताना अशी मान हलवी, की जणू कुठल्यातरी समारंभाचं अध्यक्षपद स्वीकारायला निघाला आहे. म्हणून त्याचं नाव भाऊसाहेब पडलं होतं. शाळेत नवं येणारं प्रत्येक मूल पहिल्यांदा भाऊसाहेबांच्या पाठीवर बसे. मूल एका बाजूला घसरू लागलं की भाऊसाहेब आपण होऊन थांबत आणि ते सावरून बसेपर्यंत दूर क्षितिजाकडे बघत राहत, म्हणजे मुलाला लाज वाटू नये. काका त्यांच्याशी अहोजाहो करूनच बोलत. दुपारचा डबासुद्धा त्यांच्या ठाणासमोर पालथ्या बादलीवर बसून खात. घरी गेल्यावर भाऊसाहेब आज काय खाल्लं, कुणाला चावले नाहीत, कसे रुसले हे सगळं काकूंना ऐकावं लागे. काकूंनी या घोड्याला आपल्या सासरच्या माणसांत धरून टाकलं होतं. "माझे सगळ्यात थोरले दीर," त्या शेजारणीला सांगत, "इतक्या वर्षांत एकदाही मुक्कामाला आले नाहीत. बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं."

त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि भाऊसाहेबांना खोकला सुरू झाला. आधी तो गवत खाताना यायचा. काकांना वाटलं, घास अडकला असेल. मग तो दुडकी चाल धरताना येऊ लागला. नाकातून पाणी यायचं आणि श्वास सोडताना पोट जरा जास्तच आत जायचं. थंडी बाधली, असं निदान करून काकांनी उपाय सुरू केले. ज्या दोन खिडक्या उघड्या राहत त्याही लावून घेतल्या. फटींत गोणपाटं कोंबली. ठाणात ओल दिसली की ती उपसण्याऐवजी तिच्यावर पेंढ्याचा आणखी एक जाड थर दिला, म्हणजे अंग उबेत राहील. आणि स्वच्छता हवी म्हणून झाडणं वाढवलं. भाऊसाहेब जास्त खोकू लागले. काका जास्त झाडू लागले. दोघांनीही आपापल्या कामात कसूर केली नाही.

खोकला नुसता खोकला असता तर काकांनी एव्हाना मॅनेजरबाईंना सांगितलंही असतं. पण शाळेचा एक नियम होता. पूर्वी एकदा बाहेरून आणलेल्या घोड्याबरोबर साथीचा खोकला आला होता. एकेक करत सगळे घोडे आजारी पडले आणि शाळा कित्येक आठवडे बंद ठेवावी लागली. तेव्हापासून मॅनेजरबाईंनी ठरवलं होतं की खोकणारा घोडा इथे ठेवायचा नाही. गेल्या वर्षी पांढरी घोडी खोकायला लागली आणि एका सकाळी ट्रक आला. घोडी कुठे गेली असं काकांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, चांगल्या ठिकाणी. ते म्हणताना बाईंनी काकांकडे बघितलं नाही, एवढं काकांच्या लक्षात राहिलं होतं. बाई दुष्ट नव्हत्या. घोड्यांच्या खाण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नव्हता. पण एकदा पोळलेल्या होत्या, आणि अशा माणसाच्या नियमात फट सापडत नाही.

एके सकाळी बाई तबेल्यात फेरी मारत होत्या. भाऊसाहेबांच्या ठाणाशी त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि काका दोघांच्या मध्ये होते. भाऊसाहेबांनी मान खाली घातली, एक पाय पुढे टाकला आणि खोकले. घोड्याचा खोकला म्हणजे रिकाम्या पिंपावर ओली गादी आपटल्यासारखा आवाज. बाई गर्रकन वळल्या. काकांनी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. ते छातीवर हात धरून कमरेत वाकले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं खोकत सुटले.

"कोण खोकलं?" बाईंनी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"एवढ्या जोरात?"

"थंडी फार आहे ना बाई."

बाईंनी एकदा काकांकडे आणि एकदा भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब क्षितिजाकडे बघत होते. गळ्याला मफलर गुंडाळा असं सांगून बाई निघून गेल्या आणि काका पालथ्या बादलीवर मटकन बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते कामाच्या जागी खोटं बोलले होते, आणि ते खपलं होतं. खपलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

एकदा उसना घेतलेला खोकला मग परत करता येईना. भाऊसाहेबांना सर्वांत हमखास खोकला येई तो रिंगणात, चाल बदलताना. तिथे बाई कठड्याला टेकून उभ्या असत, मुलांचे आईवडील असत. खोकला आपल्या नावावर घ्यायचा तर घोड्याच्या जवळ असायला हवं. म्हणून ज्या काकांना बसच्या मागेही कुणी धावताना बघितलं नव्हतं ते भाऊसाहेबांच्या खांद्याला खांदा लावून रिंगणात धावू लागले. घोड्यानं मान खाली घातली की काकांनी श्वास भरून घ्यायचा, घोडा खोकला की लागलीच त्याच्यावर आपला खोकला चढवायचा, आणि भाऊसाहेबांचा दुसरा खोकला पाठोपाठ येतोच म्हणून थोडा राखून ठेवायचा. थोड्याच दिवसांत दोघांचा मेळ असा जमला की ऐकणाऱ्याला एकच मोठा माणूस खोकतो आहे असं वाटावं. आईवडील एकमेकांना म्हणत, बघा, एवढं दुखणं अंगावर काढून मुलांसाठी धावतात. ते कानावर पडलं की काकांना रिंगणातल्या मातीत तोंड लपवावंसं वाटे. भाऊसाहेबांच्या नाकाला आलेलं पाणी ते आपल्या रुमालानं पुसत आणि तो रुमाल आपल्याच नाकाला लावून बाईंच्या समोरून जात. टापटीपकाकांसाठी हे किती होतं, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

घोड्याइतकं खोल खोकणं सोपं नसतं. त्यासाठी काका घरी न्हाणीघरात सराव करत. नळ सोडून ठेवला की बाहेर ऐकू जात नाही असा त्यांचा समज होता. काकू दाराबाहेर उभ्या राहून ऐकत. त्या रोज संध्याकाळी काकांना टॉवेलाखाली बसवून वाफारा देऊ लागल्या. काका घामाघूम होऊन बाहेर येत, तोंड लाल, चष्म्यावर वाफ, आणि बरं वाटतंय का, असं विचारल्यावर हो म्हणावं की नाही हे त्यांना ठरवता येत नसे. हो म्हटलं तर उद्या खोकायचं कसं, आणि नाही म्हटलं तर आणखी एक वाफारा.

शेवटी काकूंनी परस्पर मॅनेजरबाईंना फोन केला. बाईंनी काकांना बोलावून घेतलं आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवून आल्याशिवाय रिंगणात पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. काकांच्या पायाखालची जमीन सरकली. आपण नसलो तर भाऊसाहेबांच्या वतीनं खोकणार कोण? दुपारी घोडे विसावा घेतात तेवढ्या वेळात जाऊन येतो म्हणून ते काकूंना घेऊन दवाखान्यात धावले.

छातीच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. काकांनी त्यांच्यासमोर आपला तयार खोकला, आतापर्यंतचा सर्वांत चांगला, काढून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी मान तिरपी करून तो ऐकला.

"हा खोकला मला काही पटत नाही," त्या म्हणाल्या. काकांचा जीव टांगणीला लागला. "आता गप्प बसा आणि नुसता श्वास घ्या. लांब. सोडा. परत."

पाठीवर नळीचं थंडगार टोक सरकत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी एकच जागा दोनदा ऐकली. मग म्हणाल्या, "छातीत शिट्टी वाजतेय तुमच्या."

काकांना वाटलं त्या गंमत करताहेत. खोकला खोटा होता हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग खोट्या खोकल्याच्या पोटात खरी शिट्टी कुठून आली? काकू तर डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होत्या. काम काय करता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि काकांना हायसं वाटलं, कारण या विषयावर त्यांना पुष्कळ बोलता येत होतं. त्यांनी गवत कसं झटकतात ते सांगितलं, कोरड्या झाडूचे फायदे सांगितले, खिडक्यांच्या फटींतली गोणपाटंसुद्धा सांगितली. डॉक्टरीणबाईंचं लिहिणं मध्येच थांबलं.

"आणि ती धूळ जाते कुठे?"

"बाहेर," काका म्हणाले.

"दारं-खिडक्या तर बंद आहेत म्हणालात."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग धीर करून, अगदी सहज विचारल्यासारखं, त्यांनी विचारलं की घोड्यांनासुद्धा असं काही होत असेल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या माणसांच्या डॉक्टर आहेत, पण धूळ काही माणूस आणि घोडा असा भेद करत नसणार. "जुन्या गवतात बुरशी असते, पेंढ्यात भुसा असतो, मुताचा उग्र वास असतो. हे सगळं मिळून छाती धरतं. तुम्ही निदान संध्याकाळी घरी जाता. घोडे तिथेच राहतात." निघताना त्यांनी एक काम सांगितलं. उद्या दुपारी उन्हाचा एकच कवडसा आत येईल एवढी फट ठेवायची, नेहमीसारखा केर काढायचा, आणि झाल्यावर हात धुवायला न जाता तिथेच उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तसं केलं. मनात थोडा राग होता, की चाळीशी लागलेल्या माझ्या डोळ्यांना आता धूळ ओळखायला शिकवणार का ही. भाऊसाहेबांच्या ठाणावरची एक फळी त्यांनी सरकवली. उन्हाचा तिरपा पट्टा ठाणातून आरपार गेला. काकांनी गवत झटकलं, भिंतीपासून दारापर्यंत झाडलं, झाडू टेकवून ठेवला आणि उभे राहिले. पेंढ्याच्या थराबाहेरची फरशी आरशासारखी झाली होती. आणि फरशीवरून नाहीशी झालेली सगळी धूळ त्या पट्ट्यात उभी होती.

काका ती बसायची वाट बघू लागले. इतक्या वर्षांत झाडून झाल्यावर ते तिथे कधी थांबले नव्हते. हात धुवायला जायचे आणि परत येईपर्यंत सगळं स्वच्छ दिसायचं. आज धूळ बसेना. पट्टा हळूहळू भिंतीवर चढू लागला तरी ती आपली सावकाश गरगरत होती. तेवढ्यात भाऊसाहेबांनी गवताला तोंड लावायला मान पट्ट्यात आणली. त्यांनी श्वास सोडला की धूळ दूर सरे आणि ओढला की तिच्या दोन बारीक धारा वळत वळत दोन नाकपुड्यांत जात. सोडला, ओढला. काका बघत राहिले. भाऊसाहेब खोकले. त्यांच्या वतीनं खोकायचं काका विसरून गेले.

मग ते खाली बसले. गुडघे टेकून त्यांनी आपलं नाक तिथे नेलं जिथे घोडा गवत खाताना नाक नेतो, आणि तिथला वास त्यांच्या डोळ्यांत सुईसारखा घुसला. पेंढ्याच्या थरांवर थर दिले होते, त्याच्याखाली ओल तशीच कुजत होती. आपला तबेला त्यांनी आजवर फक्त आपल्या उंचीवरून हुंगला होता. जन्मभर आपण धूळ बाहेर काढली नाही, नुसती उठवून घोड्यांच्या नाकात बसवली, हे त्यांना त्या फरशीवर बसल्या बसल्या कळलं. आणि पांढऱ्या घोडीची आठवण झाली. ट्रकमध्ये चढताना तिनं मागे वळून बघितलं होतं आणि काकांनी तेव्हा, हातात झाडू घेऊन, तिला दुरून टाटा केला होता.

डोळे पुसून काका सरळ बाईंच्या खोलीत गेले. खरं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते, पण दारात पोचेपर्यंत ट्रक डोळ्यांसमोर आला. मग त्यांनी अर्धंच सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या माझ्या छातीला धूळ चालणार नाही, म्हणून तबेल्यात काही बदल करावे लागतील. खिडक्या उघड्या हव्यात. गवत पिंपात भिजवून द्यायला हवं. अंथरायला पेंढ्याऐवजी चाळून धूळ काढलेली लाकडाची सालपटं हवीत, आणि ओली जागा रोज उपसायला हवी. घोडे रिंगणात गेल्याशिवाय केर काढायचा नाही, आणि काढायचा तो पाणी शिंपडून. शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बसला, आणि तो खोकल्यानं बसला असं बाईंना वाटलं.

"एवढं सगळं तुमच्यासाठी?" बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "करा. तुमच्यासारखा माणूस मला परत मिळायचा नाही."

काकांना एवढं ओशाळवाणं कधीच वाटलं नव्हतं.

अशा रीतीनं एका मोतद्दाराच्या छातीसाठी सगळा तबेला बदलला. हाताखालचे दोन्ही मोतद्दार कुरकुरले, कारण भिजलेलं गवत उचलताना कंबर मोडते आणि बाही कोपरापर्यंत ओली होते. उघड्या खिडक्यांतून चिमण्या येऊन तुळयांवर बसू लागल्या. फरशीवर ओल्या बुटांचे ठसे उमटले, सालपटं दारापर्यंत पसरली, आणि एका मुलाच्या आईनं हल्ली इथे पूर्वीसारखं लक्ष नाही असं काकांच्या देखत म्हटलं. काकांनी ते गिळलं. चिकटलेली एखादी काडी दिसली की त्यांचे हात शिवशिवत. ते हात खिशात घालून दुसरीकडे बघत, भाऊसाहेबांसारखे.

गुण झटपट आला नाही. पण हळूहळू भाऊसाहेबांचं पोट आत खेचणं थांबलं, नाक कोरडं झालं, आणि खोकला खातानाचा गेला, मग चालतानाचा गेला. उरला तो अधूनमधून एखादा. काकांनाही आपला खोकला त्याच मापानं कमी करावा लागला. औषध लागू पडलेलं दिसतंय, असं बाई म्हणाल्या आणि काका हो म्हणाले, आणि हे खोटं होतं की खरं हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे वाफाऱ्याचा गुण होता.

अशातच घोड्यांचे डॉक्टर वार्षिक तपासणीला आले. उंच, किडकिडीत, आणि गरजेपुरतंच बोलणारे गृहस्थ. ज्याला ते नापास करतील तो घोडा शाळेत राहणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी काकांना आजारी माणूस म्हणून आपल्याजवळ दाराशी खुर्चीवर बसवलं होतं. घोडे एकेक करून पुढे येत होते आणि काकांना ठाणापर्यंत जायची सोय उरली नव्हती.

भाऊसाहेबांची पाळी आली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, मान हलवली, आणि एका मोतद्दाराला खूण केली. त्यानं एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी भाऊसाहेबांच्या नाकातोंडाशी सैलसर धरली. असं केलं की हवा कमी मिळते, घोडा खोल श्वास घेऊ लागतो, आणि छातीत काही दडलेलं असेल तर ऐकू येतं. पिशवी आत-बाहेर होऊ लागली. तबेल्यात चिमण्यांचा तेवढा आवाज. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पिशवी आत गेली, बाहेर आली, आणखी आत गेली, आणि मग एकदम टम्म फुगली. पिंपावर ओली गादी आपटली.

"माझा," काका खुर्चीतून उठत, छातीवर हात धरून म्हणाले.

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग लांब दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे बघितलं.

"पिशवी घोड्याच्या तोंडाला आहे, काका."

पिशवी धरणाऱ्या मोतद्दारानं भाऊसाहेबांच्या आयाळीत तोंड खुपसलं आणि त्याचे खांदे हलू लागले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या काकांकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या मनात गेल्या सगळ्या महिन्यांतले खोकले एकेक करून परत वाजत असावेत. काकांनी मग काही राखून ठेवलं नाही. पहिल्या सकाळपासून सगळं सांगितलं; रिंगणातलं धावणं, रुमाल, न्हाणीघरातला सराव, कवडसा. पांढऱ्या घोडीचंही सांगितलं, की तिचा खोकलाही त्यांच्याच झाडूचा असावा.

डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि तबेल्यात एक चक्कर मारली. उघड्या खिडक्या बघितल्या, पिंपात हात घालून भिजलेलं गवत बघितलं, वाकून सालपटं हुंगली. परत आल्यावर म्हणाले, की हा साथीचा खोकला नाही आणि तो दुसऱ्या घोड्याला लागत नाही. धूळ सोसत नाही अशी छाती असते काही घोड्यांची. एकदा हे मागे लागलं की पुरतं जात नाही, पण मोकळ्या हवेत घोडा वर्षानुवर्षं सुखानं राहतो. "तुम्ही त्याला त्याच बंद हवेत ठेवलं असतं तर आज माझं उत्तर वेगळं असतं."

"आणि ती पांढरी घोडी?" बाईंनी विचारलं.

"मी तिला बघितलं नव्हतं. तुम्ही बोलावलं नव्हतंत."

बाईंनी पाठ फिरवली आणि खिडकीतून थोडा वेळ बाहेर बघितलं. वळल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा होता.

"भाऊसाहेब इथेच राहतील. पण तबेल्यात नाही, मैदानाच्या कडेच्या उघड्या शेडमध्ये. दुडकी चाल बंद. अगदी लहान मुलांना फक्त चालत फिरवायचं." मग त्या काकांकडे वळल्या. "आणि तुम्ही माझ्याशी अख्खा हिवाळा खोटं बोललात. तबेल्यातला झाडू उद्यापासून तुमच्या हातात दिसता कामा नये. तुम्हीही मैदानावर. त्यांच्याबरोबर."

संध्याकाळी काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे दुखणं दिरांचं, आणि वाफारे तुम्हाला?"

"शिट्टी मात्र माझी होती," काका पडेल आवाजात म्हणाले.

काकूंनी त्या रात्री ताट जरा आपटूनच वाढलं. जेवणं झाल्यावर त्यांनी, एवढं भांडण लावणाऱ्या माणसाचं तोंड तरी बघायला हवं, म्हणून सकाळी बरोबर येते असं सांगितलं.

सकाळी मैदानावर ऊन पसरलं होतं. भाऊसाहेब शेडबाहेर उभे होते आणि त्यांनी काकूंकडे एकदा गंभीरपणे बघून मान खाली घातली. काकूंनी नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. काकांच्या हातात झाडू नव्हता आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. मैदानात झाडण्यासारखं पुष्कळ होतं, पण झाडून न्यायला कुठे जागाच नाही, हेही दिसत होतं. तेवढ्यात भाऊसाहेबांनी जमीन हुंगली, पुढचे गुडघे मोडले, आणि सगळी अध्यक्षीय प्रतिष्ठा बाजूला ठेवून कोरड्या मातीत आडवे झाले. चारही पाय वर करून ते या कुशीवरून त्या कुशीवर लोळू लागले. धुळीचा एवढा लोट उठला की काही वेळ घोडा दिसेना.

काका एक पाऊल पुढे गेले आणि थांबले. वारा मैदानाच्या त्या बाजूला वाहत होता. लोट विरळ होत होत कुंपणापलीकडे गेला. भाऊसाहेब उठून उभे राहिले, नखशिखांत मातीनं माखलेले, आणि त्यांनी अंग झटकलं. खोकले नाहीत.

"किती मळले हो," काकू म्हणाल्या.

"मळू दे," टापटीपकाका म्हणाले, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण तेवढं बघणं अजून त्यांच्यानं होत नव्हतं.